गेमवाल्यांना पाठवलेल्या सूचना नक्की जातात कुठे?

घाटातला_प्रवासी · सोम, २२:०८

मंडळी, नमस्कार. माझा रोजचा पुणे-मुंबई प्रवास. जाता-येता मोबाइलवर कॅरम खेळतो, समोर खराखुरा माणूस असतो त्या प्रकारचा. (गेमचं नाव देत नाही, जाहिरात म्हणून धागा उडायला नको.) कर्जत-लोणावळा घाटात बोगदे लागले की रेंज जाते आणि थोड्या वेळात परत येते. तेवढ्यात गेम जाहीर करून मोकळा: 'खेळाडू डाव सोडून गेला'. राणी कव्हर झालीय, शेवटची सोंगटी भोकाच्या तोंडाशी आहे, आणि हे! डावाला लावलेली नाणीही जातात.

त्यांना लिहिलं की रेंज गेली तर निदान अर्धा मिनिट थांबत जा. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तो संबंधित टीमकडे पाठवण्यात आला आहे.' परत लिहिलं. परत तेच, पूर्णविरामासकट.

माझा प्रश्न साधा आहे. ही संबंधित टीम खरंच असते का? ऑनलाइन गेम करणारे खेळाडूंचं ऐकतात का, आणि ऐकत असतील तर कुणाचं? तुमच्यात बरेच जुने गेमर आहेत, कुणी त्या क्षेत्रात कामालाही असेल. अनुभव सांगा.

बोकोबा · सोम, २२:१५

असते ना टीम. टेबलाखाली, झाकण असलेली. रोज संध्याकाळी रिकामी करतात.

सांडगी_मिरची · सोम, २२:१९

बोकोबा 😀 पहिल्याच चेंडूवर षटकार.

नानबा · सोम, २३:४०

बोकोबांशी असहमत. सगळे तसे नसतात. ओल्ड स्कूल रुनस्केप हा अख्खा गेमच खेळाडूंच्या मतदानावर चालतो, ते थोडं सविस्तर लिहितो.

मूळ रुनस्केप २००१ चा, केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा. आम्ही कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून खेळायचो, कारण तो ब्राउझरमध्ये चालायचा, काही टाकून घ्यावं लागत नसे. डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ मध्ये कंपनीने त्यातला मुक्त व्यापार बंद केला आणि वाइल्डरनेस या भागातली खेळाडू-विरुद्ध-खेळाडू मारामारीही काढली. कारण खोटं नव्हतं. गेममधलं सोनं खऱ्या पैशांना विकणाऱ्यांनी गेम पोखरला होता. पण लोक भडकले ते भडकलेच. शेवटी २०११ मध्ये कंपनीने सार्वमत घेतलं, बारा लाखांवर मतं पडली, नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'परत आणा' म्हटलं, आणि आणलं.

एवढं होऊनही २०१२ च्या नोव्हेंबरात त्यांनी लढाईची अख्खी पद्धतच बदलली. जुने लोक गेम सोडून जायला लागले. तेव्हा कुणाला तरी ऑगस्ट २००७ चा बॅकअप सापडला. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी विचारलं की हा जुना गेम तसाच्या तसा सुरू करू का? साडेचार लाखांच्या आसपास मतं आली. तोच ओल्ड स्कूल.

आणि तेव्हापासून नियम असा की नवीन काही घालायचं तर मतदान. मत कुणाला, तर सदस्यत्वाचे पैसे भरणाऱ्याला आणि गेममध्ये ठरावीक पातळी गाठलेल्याला. साधं बहुमत चालत नाही. आधी ७५ टक्के लागायचे, २०२२ च्या शेवटाला ते ७० केले. नवीन 'स्किल', म्हणजे पात्राने शिकायचं कौशल्य, घालायचे काही प्रस्ताव खेळाडूंनी याआधी पाडले, त्यातला वॉर्डिंग नावाच्या स्किलचा २०१९ चा. म्हणजे लोकांनी राबून आराखडे केले, चित्रं काढली, आणि खेळाडू म्हणाले नको. कंपनीनं गुंडाळून ठेवलं. पुढे सेलिंग, जो वर्षानुवर्षं निव्वळ विनोद म्हणून चघळला जात होता, तो २०२३ च्या मतदानात पास झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये गेममध्ये आलाही. दर टप्प्यावर सर्वेक्षण, चाचणी, परत सर्वेक्षण.

तेव्हा प्रवासीराव, ऐकणारे आहेत.

अर्धवट_शहाणी · मंगळ, ०७:५५

नानबा, छान लिहिलंय. पण मतदान म्हणजे ऐकणं का?

आमच्या घरात माइनक्राफ्ट आहे, म्हणजे मुलगी खेळते आणि मी भरडली जाते. त्यात २०१७ ला आणि मग २०२० पासून दरवर्षी 'मॉब व्होट' असायचा. तीन-चार नवे प्राणी दाखवायचे, लोकांनी एक निवडायचा, तो गेममध्ये येणार. पहिल्याच वर्षी लोकांनी निवडला फँटम. हा प्राणी काय करतो, तर तीन रात्री झोपला नाहीत की आकाशातून येऊन चावतो. आज कुणाही माइनक्राफ्टवाल्या पोराला विचारा, सगळ्यात नकोसा प्राणी कोणता? 'फँटम!' कुणी आणला? तुम्हीच!

२०२३ ला खेकडा, पेंग्विन आणि आर्माडिलो होते. लेकीचा खेकडा पडला. दोन दिवस घरात सुतक. त्या वर्षी तर 'हे मतदानच बंद करा' म्हणून लाखो सह्यांचा अर्ज फिरला होता, कारण हरलेला प्राणी कपाटात जातो आणि लोक आपापसांत भांडतात. २०२४ मध्ये गेम बनवणाऱ्या मोजांगनं खरंच मतदान बंद केलं.

म्हणजे लोकांनी मतदान नको हे ओरडून सांगितलं, ते ऐकलं. मतदानात जे सांगितलं ते ऐकून पस्तावले. आता बोला.

निम्मा_गडी · मंगळ, ०८:१२

खेकडा पडला यात आश्चर्य ते काय. खेकड्यांनीच एकमेकांना खाली ओढलं असेल.

सरळ_काठी · मंगळ, ०९:३०

उगाच गोड गोड चाललंय. कंपन्या एकच भाषा ऐकतात, पैसा. बाकी सगळा देखावा.

२०१७, स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू. पूर्ण किंमत देऊन घेतलेला गेम, आणि डार्थ व्हेडर खेळायचा तर साठ हजार क्रेडिट, म्हणजे गेममधली नाणी, जमवा. लोकांनी हिशेब मांडला, चाळीसेक तास खेळावं लागतं. नाहीतर पैसे भरून पेट्या फोडा आणि नशीब आजमावा. रेडिटवर कुणीतरी विचारलं, तर गेम काढणाऱ्या ईए कंपनीनं उत्तर दिलं की हिरो मिळवण्यात खेळाडूला अभिमान आणि कर्तृत्वाचं समाधान वाटावं असा हेतू आहे. त्या एका उत्तराला साडेसहा लाखांवर उणे मतं पडली. रेडिटच्या इतिहासातला विक्रम. दुसऱ्या दिवशी किंमत पाऊण भागाने खाली, आणि गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी पैशाने होणारी खरेदीच बंद.

हे 'अभिप्रायाचा आदर' म्हणून झालं असं ज्याला वाटतं त्याने हात वर करावा. तिकडे बेल्जियमचं जुगार नियामक मंडळ लूटबॉक्सच्या, म्हणजे या नशिबाच्या पेट्यांच्या, मागे लागलं होतं. गेमवर डिस्नेचं नाव होतं. अब्रू जायची वेळ आली तेव्हा कान उघडले.

हेलडायव्हर्स टू, मे २०२४. सोनीनं फर्मान काढलं की पीसीवाल्यांनीही प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं जोडायचं. ज्या देशांत ते खातं काढताच येत नाही तिथेही गेम विकून झालेला! दोन लाखांवर वाईट परीक्षणं स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर पडली, लोकांनी पैसे परत मागायला सुरुवात केली. शनिवार-रविवार उलटायच्या आत माघार.

नानबा · मंगळ, ०९:४८

काठीसाहेब, हेलडायव्हर्सचा पुढचा भागही सांगा की. गेम बनवणारी अ‍ॅरोहेड वेगळी, विकणारी सोनी वेगळी. बनवणारे बिचारे दोन्हीकडून मार खात होते. वाईट परीक्षणांचा तो स्टीमवरचा लाल स्तंभांचा आलेख त्यांनी नंतर गेममध्ये केपवर, म्हणजे पाठीवरच्या झग्यावर, छापला. खेळाडू तो पाठीवर मिरवतात.

सरळ_काठी · मंगळ, ०९:५५

तो त्यांचा मोठेपणा. निर्णय पैशानेच फिरला.

उंटाची_चाल · मंगळ, १३:०५

पैसा मध्ये नसेल तर काय होतं त्याचं उदाहरण देतो. लिचेस. बुद्धिबळ, फुकट, जाहिरात नाही, देणग्यांवर चालतं, फ्रान्समध्ये नोंदलेली ना-नफा संस्था आहे. सगळा कोड उघडा. सूचना करायची तर गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, जा, लिहा, सगळ्यांना दिसते. 'संबंधित टीम' वगैरे पडदा नाहीच. नाकारली तर का नाकारली तेही तिथेच, बहुतेक वेळा एका ओळीत.

फक्त गंमत अशी की उघड्या दारातूनही तेच तेच लोक आत येतात. 'रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) फुगवलेलं का आहे' हा प्रश्न तिथे अमर आहे. उत्तर साधं आहे, तिथे नवीन माणसाची सुरुवात १५०० पासून होते आणि मोजायची रीत वेगळी, त्यामुळे दुसऱ्या साइटच्या आकड्याशी तुलना करू नका. पण वाचतो कोण. दुसरं म्हणजे, एखाद्याला फारच पोटतिडकीने काही हवं असेल तर उत्तर ठरलेलं: कोड उघडा आहे, करून पाठवा. तिथे भलेभले गप्प होतात.

सांडगी_मिरची · मंगळ, १३:२०

'करून पाठवा' हे उत्तर आमच्या सोसायटीच्या सभेत चालू करावं म्हणते.

पडद्यामागची · मंगळ, २३:१०

खरं तर लिहिणार नव्हते, पण धागा वाचून राहवलं नाही. पुण्यातल्याच एका मोबाइल गेम स्टुडिओत काम केलंय, आधी सपोर्टला, मग कम्युनिटी सांभाळायला. नाव विचारू नका. आता तिथे नाही.

प्रवासी, तुमची 'संबंधित टीम' असते. आमच्याकडे ती मी होते.

तुमचं पत्र आलं की पहिलं काम म्हणजे त्याला चिठ्ठी लावायची: पैसे कापले गेले, खातं बंद, कुणी फसवून खेळतंय, नेटवर्क, बाकी. पैसे आणि खात्याच्या तक्रारी आधी. 'सूचना' ही शेवटची चिठ्ठी, आणि तिला ते पाठ केलेलं उत्तर जातं, खरंय. पण आठवड्याला एक तक्ता निघायचा. नेटवर्कच्या किती तक्रारी, कुठल्या व्हर्जननंतर वाढल्या, कुठल्या फोनवर. गेम डिझाइनर तो तक्ता बघायचा. पत्रं नाही बघायचा. त्यामुळे तुमची तीन परिच्छेदांची सूचना त्याच्यापर्यंत गेली ती 'नेटवर्क' या रकान्यात आकडा एकने वाढण्याइतकी. वाईट वाटेल, पण आकडा वाढतो हे महत्त्वाचं आहे.

आता अर्ध्या मिनिटाचं. हे आम्ही करून पाहिलंय. तुमचा फोन सर्व्हरला सारखा एक छोटा निरोप पाठवत असतो, 'मी आहे'. तो थांबला की सर्व्हरला कळतं फोन गप्प झाला, एवढंच. तो बोगद्यात गेला, की हरायला आलेल्याने मुद्दाम डेटा बंद केला, हे कळायला काही मार्ग नाही. आम्ही मुदत वाढवली, आणि त्याच आठवड्यात उलट्या बाजूच्या तक्रारी सुरू झाल्या: 'समोरचा हरायला लागला की गायब होतो, मी बसून राहतो'. सगळा रडीचा डाव. मुदत पूर्ण संपेपर्यंत ताटकळत ठेवायचं, म्हणजे समोरचा कंटाळून निघून जातो आणि हाच जिंकतो! असं करणारे थोडेथोडके नव्हते. मुदत परत खाली आणली.

म्हणजे तुमचा त्रास खरा आणि तुमचा उपाय चुकीचा. हे जवळजवळ प्रत्येक पत्राबाबत होतं. खेळणाऱ्याला टोचतंय कुठे हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. फक्त तो टोचणीबद्दल दोन शब्द लिहितो आणि उपायाबद्दल दोनशे.

घाटातला_प्रवासी · मंगळ, २३:३१

ताई, धन्यवाद. मुद्दाम डेटा बंद करणारे नग माझ्याही डोक्यात आले नव्हते. मग यावर मार्ग काय?

पडद्यामागची · मंगळ, २३:५२

मार्ग एकच नाही. एक म्हणजे मुदत माणसानुसार द्यायची. ज्याचा इतिहास साफ आहे, जो जिंकतानाही तुटतो आणि हरतानाही तुटतो, त्याची रेंज खरंच जाते. जो फक्त हरतानाच तुटतो त्याला मुदत नाही. दुसरं, तुटल्यावर डाव रद्द करून नाणी दोघांना परत. त्यातही चोर पळवाटा काढतातच, पण कमी. आमच्याकडे पहिला पर्याय चर्चेत होता, मग मी सोडलं.

निवृत्त_गिल्डमास्तर · बुध, ०६:४०

(न्यू जर्सीहून, त्यामुळे वेळ बघून दचकू नका.)

पडद्यामागची यांच्या मुद्द्याला जोड देतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आला, त्याच्या बीटाची, म्हणजे चाचणी आवृत्तीची, गोष्ट. लोकांनी सलग तासन् तास खेळत बसू नये म्हणून तो बनवणाऱ्या ब्लिझर्डनं असं केलं की बराच वेळ खेळलात की अनुभवाचे गुण निम्मे मिळायला लागतील. चाचणीतले खेळाडू संतापले. आम्हाला शिक्षा का? काढून टाका! ब्लिझर्डनं काय केलं असेल? त्यांनी निम्म्याला 'नेहमीचे शंभर टक्के' म्हटलं, आणि आधीच्या पूर्णला 'विश्रांती घेतल्याबद्दल दोनशे टक्के' म्हटलं. व्यवहारात हिशेब तोच. लोक खूश! विश्रांतीचं बक्षीस मिळतं म्हणून गेममधल्या धर्मशाळेत जाऊन लॉगआउट करायला लागले. मीही कैक वर्षं तेच केलं, हिशेब ठाऊक असूनसुद्धा.

तेव्हा सूचना 'काढून टाका' होती. ती ऐकली असती तर चांगली कल्पना गेली असती. तक्रार मात्र शंभर टक्के रास्त होती.

त्याच ब्लिझर्डचा दुसरा चेहराही पाहिलाय. २०१३ च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे कंपनीच्या मेळाव्यात, एकाने विचारलं, सुरुवातीचा जुना गेम चालवणारे सर्व्हर देणार का? मंचावरून उत्तर आलं, तुम्हाला वाटतं तुम्हाला ते हवंय, पण नकोय. सभागृह हसलं. मग लोकांनी स्वतःच बेकायदा जुने सर्व्हर काढले. त्यातला नॉस्टाल्रियस एप्रिल २०१६ मध्ये वकिली नोटिशीने बंद पाडला, तोवर तिथे लाखोंची वस्ती झाली होती. अडीच लाखांवर सह्यांचा अर्ज गेला. २०१७ ला घोषणा, ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक, म्हणजे अधिकृत जुना गेम. पहिल्या दिवशी रांगेत तासन् तास थांबलेल्यांत मी होतो, बायको म्हणाली ऑफिसला इतक्या वेळेवर कधी गेला नाहीस.

बोकोबा · बुध, ०८:०२

थोडक्यात, दोनदा मागितलं की मिळत नाही, चोरून सुरू केलं की मिळतं.

निवृत्त_गिल्डमास्तर · बुध, ०८:३०

हसण्यावारी नेऊ नका, ते अगदी बरोबर आहे. 'हार्डकोअर' प्रकार असाच आला. मेलात की पात्र कायमचं गेलं, हा नियम खेळाडूंनीच आपापसांत ठरवला, त्यासाठी अ‍ॅडऑन, म्हणजे गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहिलं, हजारो लोक खेळायला लागले. मग २०२३ च्या ऑगस्टात ब्लिझर्डनं अधिकृत हार्डकोअर सर्व्हर काढले. कुणी फॉर्म भरला नव्हता. लोक काय करतात ते त्यांनी बघितलं.

कोल्हापुरी_क्रिटिक · बुध, ११:१५

भावांनो, 'काय करतात ते बघतात' यावरनं ईव्ह ऑनलाइन या अंतराळजहाजांच्या गेमचा दंगा आठवला. नाद खुळा प्रकरण हाय.

२०११ चा उन्हाळा. आइसलंडची सीसीपी कंपनी. गेममधी खऱ्या पैशाचं दुकान काढलं आणि त्यात एकडोळ्याचा चष्मा, म्हणजे मोनोकल, ठेवला साठ-सत्तर डॉलरला. डॉलरला! खराखुरा चष्मा तेवढ्यात येतोय की. लोक पेटले. त्यात कंपनीच्या आतल्या गोष्टी बाहेर फुटल्या, आणि सीईओचं एक पत्र बी फुटलं, त्यात त्यानं लिहिलेलं की अशा वेळी खेळाडू काय बोलतात त्यापेक्षा काय करतात ते बघायचं.

बरं, मग लोकांनी करूनच दाखवलं. जिता नावाचं गेममधलं बाजारपेठेचं ठिकाण हाय, तिथल्या स्मारकाभोवती शेकड्यांनी जहाजं आणून गोळ्या घालत बसले. सर्व्हर दमला. आणि वर्गणी बंद करायचा सपाटा लावला. ऑक्टोबरात त्याच सीईओनं जाहीर माफीपत्र लिहिलं, आणि त्याच महिन्यात कंपनीतली वीस टक्के माणसं घरी बसली. ज्यांचा काय संबंध नव्हता तीच बसली असणार.

नानबा · बुध, ११:४०

आणि त्याच ईव्हमध्ये खेळाडूंनी निवडून दिलेलं मंडळ आहे की! कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट, २००८ पासून. निवडून आलेल्यांना कंपनी रेक्याविकला नेते, गुप्ततेच्या करारावर सही घेते आणि येऊ घातलेले बदल दाखवते. २०११ च्या दंग्यातही त्यांनाच तातडीनं बोलावून घेतलं होतं. मुळात हे मंडळ आलं तेही अविश्वासातून. त्याच्या आदल्या वर्षी एका कर्मचाऱ्यानं आपल्या गटाला गेममधल्या दुर्मीळ वस्तू परस्पर दिल्याचं उघडकीला आलं होतं.

सरळ_काठी · बुध, १२:०५

म्हणजे ग्रामपंचायत. निवडणुका, गट, पॅनेल, आणि निर्णय वरूनच.

कोल्हापुरी_क्रिटिक · बुध, १२:१०

पॅनेल तर असतंयच. मोठ्या आघाड्या आपली माणसं निवडून आणतात, मतांच्या याद्या वाटतात. काठीसाहेब, तुम्ही ईव्ह खेळायला पाहिजे, लई रमाल.

अर्धवट_शहाणी · बुध, १४:२०

'लोक काय करतात ते बघा' याचा मला मात्र राग येतो. पडद्यामागची, तुमच्यावर नाही, त्या पद्धतीवर. पोरगी रोज लॉगिन करते कारण नाही केलं तर 'स्ट्रीक', म्हणजे सलग दिवसांची साखळी, तुटते. तक्त्यात ते 'खेळाडू खूश, रोज येतो' असं दिसणार. ती खूश नाही, ती धास्तावलेली आहे. हा फरक कुठल्या रकान्यात मांडता?

पडद्यामागची · बुध, २१:३५

अर्धवट_शहाणी, कुठल्याच नाही. म्हणूनच सपोर्टला बसलेली माणसं लागतात. दुसऱ्या दिवशी किती परत आले, सातव्या दिवशी किती, एवढंच आकडे सांगतात. का आले ते सांगत नाहीत. आमच्याकडे एका रोजच्या बक्षिसाबद्दल आयांची पत्रं यायला लागली होती, मोजून फार नव्हती, पण सूर एकच होता. मी ती पत्रं छापून मीटिंगमध्ये नेली. तक्ता नाही, कागद. एक दिवस चुकला तरी चालेल अशी सवलत ठेवली गेली. त्याने आकडे पडतील म्हणून जे ओरडत होते, ते नंतर त्या विषयावर काही बोलले नाहीत.

उलट बाजूही सांगते. बोलणाऱ्यांवर पूर्ण भरवसा टाकला तरी फसगत होते. फोरमवर लिहिणारा खेळाडू हा मुळातच जास्त मुरलेला. त्याला गेम अवघड हवा असतो. नवीन आलेला न सांगता अ‍ॅप काढून टाकतो, पत्र लिहीत नाही. रायट कंपनीनं आपल्या लीग ऑफ लेजंड्स या गेमसाठी २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की पात्र फार ताकदवान झालंय का हे ते चार थरांत वेगवेगळं तपासतात, साधे खेळाडू, चांगले, अगदी वरचे आणि व्यावसायिक. कारण एकच पात्र खाली राक्षस आणि वर कुचकामी असू शकतं. ज्याला विचाराल तो आपल्या थरातून बोलणार.

निम्मा_गडी · बुध, २२:०१

लीगवरून आठवलं, त्यातल्या व्लादिमिर या पात्राचा किस्सा. पॅच नोट्समध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, लिहिलं की व्लादिमिरला कमकुवत केलंय. प्रत्यक्षात तो बदल चुकून गेममध्ये गेलाच नव्हता. तरी लोक त्याच्यासोबत जास्त हरायला लागले! हे रायटच्या लोकांनीच पुढे सांगितलंय. आता अशा खेळाडूंच्या अभिप्रायाचं लोणचं घालायचं का?

सांडगी_मिरची · बुध, २२:०६

लोणच्याचा विषय निघाला म्हणून आले.

रात्रपाळी · गुरु, ०२:४५

सगळे परदेशी गेमच घेऊन बसलेत. आपल्याकडे काय?

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) घ्या. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय म्हणून परत, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. परत आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि बाकीच्यांना सहा तासांची मर्यादा होती. रक्ताचा रंगही लाल नाही. हे कुठल्या खेळाडूने सुचवलं होतं? आपल्याकडे गेमवाल्याला आधी दिल्लीचं ऐकावं लागतं.

फौजी (FAU-G) हा देशी गेम २०२१ च्या प्रजासत्ताक दिनाला आला. इतकी हवा झाली होती की लोकांनी त्यात पब्जीच शोधला. निघाला एकट्याने खेळायचा मारामारीचा गेम. पहिल्याच आठवड्यात प्ले स्टोअरवर रेटिंग धडाधड खाली. एकत्र खेळायचा प्रकार त्यात नंतर आला, तोवर पोरं निघून गेली होती.

पुण्याच्या सुपरगेमिंगनं इंडस या गेमच्या वेळी तसं नाही केलं. आधी मर्यादित लोकांना बीटा दिला, दोष काढून घेतले, आणि मग ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला. गेम कसा वाटला ते ज्याचं त्याने ठरवावं, मला नेम धरताना मजा आली नाही. पण आधी विचारलं याचे गुण द्यायलाच हवेत.

बोकोबा · गुरु, ०८:१०

रात्री पावणेतीनला टंकलंय. सहा तासांची मर्यादा तुम्हाला लागू दिसत नाही.

रात्रपाळी · गुरु, ०८:१४

आयडी वाचा काका. नाइट शिफ्ट आहे.

न्यायालयीन_चहा · गुरु, ११:५०

एक कोरडा मुद्दा, वकिली बाजूने. बऱ्याच गेमच्या अटी-शर्तींत एक कलम असतं: तुम्ही काही सूचना पाठवलीत तर ती आम्ही वापरू शकतो, मोबदला नाही, श्रेय नाही. काही कंपन्या तर लिहूनच ठेवतात की न मागितलेल्या कल्पना पाठवूच नका. कारण उद्या तसंच काही गेममध्ये आलं, आणि ते आधीपासूनच चालू असलेलं काम असलं तरी, पाठवणारा 'माझी कल्पना चोरली' म्हणून उभा राहू शकतो. म्हणून ते उत्तर इतकं गुळगुळीत असतं. 'छान कल्पना, करतोय' असं सपोर्टचा माणूस लिहूच शकत नाही. प्रवासी, त्यात तुमचा अपमान नाही, कायदा विभागाची झोप आहे.

पडद्यामागची · गुरु, १२:१५

+१. आम्हाला तर 'लवकरच' हा शब्द लिहायलाही बंदी होती. एकदा लिहिला की लोक स्क्रीनशॉट जपून ठेवतात आणि वर्षानं तोंडावर मारतात.

उंटाची_चाल · गुरु, १३:३०

न बोलण्याचा कळस म्हणजे व्हॉल्व कंपनी. त्यांच्या डोटा टू या गेममध्ये २०१३ ला डायरटाइड हा हॅलोविनचा प्रकार त्यांनी केलाच नाही आणि सांगितलंही नाही की करणार नाही. लोकांनी इंटरनेट डोक्यावर घेतलं. व्हॉल्वला गमतीने 'व्होल्वो' म्हणायची पद्धत, त्यामुळे लोक थेट व्होल्वो मोटारींच्या फेसबुक पानावर जाऊन डायरटाइड मागायला लागले! गाड्या विकणाऱ्यांना काय कळणार. शेवटी व्हॉल्वनं कबूल केलं की आधी सांगायला हवं होतं, आणि डायरटाइड दिला.

अर्धवट_शहाणी · गुरु, १३:४४

😂 आमच्याकडे लाइट गेली की लोक टेलिफोनवाल्यांना शिव्या घालायचे त्यातलं.

सरळ_काठी · गुरु, १४:०२

मग पडद्यामागची, शेवटी एवढंच सांगा. एका सामान्य माणसाने, ज्याच्या मागे साडेसहा लाख उणे मतं नाहीत, त्याने लिहावं की लिहू नये?

पडद्यामागची · गुरु, २२:२०

लिहावं, पण सूचना म्हणून लिहू नये. तक्रार म्हणून लिहावं. फोन कुठला, अ‍ॅपचं व्हर्जन, तारीख, वेळ, सिमकार्ड कुणाचं, डावाचा क्रमांक दिसत असेल तर तो, आणि काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. बस. 'तुमचा गेम भिकार आहे' हे वाक्य आधी लिहिलंत तरी हरकत नाही, आम्ही ते ओलांडून वाचतो. असं पत्र 'सूचना' रकान्यात न जाता 'बग'मध्ये जातं, आणि बगला मालक असतो. कुणाच्या तरी नावावर चढतो, त्याला तो बंद करावाच लागतो.

प्ले स्टोअरवर लिहिलंत तरी चालेल. तिथे तारे कमी दिले की कुणाचं तरी लक्ष जातं, कारण उत्तर मिळाल्यावर लोक तारे बदलतात आणि ते आम्हाला हवे असतात. एक तारा देऊन 'वेळ मिळाला की बघा' लिहिणाऱ्यापेक्षा तीन तारे देऊन नेमकं लिहिणाऱ्याला आम्ही आधी गाठायचो.

घाटातला_प्रवासी · शुक्र, २१:५०

ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री लिहिलं. अर्ध्या मिनिटाचा उल्लेखच काढला. फक्त तारीख, वेळ, फोन, सिम आणि 'मंकी हिल ते ठाकूरवाडी' एवढं. आज उत्तर आलं. पहिल्यांदाच वेगळं आलं! विचारलंय की तुटल्यावर वायफाय चालू होतं का, आणि परत आल्यावर गेम पहिल्या पानावर जातो की डावातच राहतो.

दुरुस्त करतील की नाही माहीत नाही. पण पलीकडे माणूस आहे.

निम्मा_गडी · शुक्र, २१:५८

मंकी हिलला रेंज हवी असेल तर गेमवाल्यांना नको, मोबाइल कंपनीला लिहा. आणि तिथली संबंधित टीम कुठे असते ते कळलं तर आम्हालाही सांगा.

सरळ_काठी · शुक्र, २२:१०

प्रवासी, एक सांगा. ती नाणी परत दिली का?

घाटातला_प्रवासी · शुक्र, २२:१३

नाही.

सरळ_काठी · शुक्र, २२:१४

बसा मग.